मद्रासचा समुद्र आणि माणसांनी घातलेल्या भिंती

समुद्राला सीमा नसते, असे आपण सहज म्हणून जातो. लाट कोणाची परवानगी घेऊन किनाऱ्यावर येत नाही आणि वाळू वाहताना कोणाचा सातबारा पाहत नाही. परंतु समुद्राच्या रक्षणाचा प्रश्न निघाला, की माणसांनी आखलेल्या सीमाच आड येऊ लागतात. १९९६ पर्यंत ज्या शहराला आपण मद्रास म्हणत होतो, त्या चेन्नईच्या किनाऱ्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या गोष्टीची साक्ष देतो.

मुंबईला निसर्गाने बंदर दिले. मद्रासला ते दिले नाही. तेथे उघडा, सरळ किनारा आणि त्यावर अखंड फुटणाऱ्या लाटा. गलबते दूर खोल पाण्यात उभी राहत आणि माणसे व माल काथ्याने शिवलेल्या फळ्यांच्या मसुला होड्यांतून किनाऱ्याला लागत. व्यापार वाढला, तेव्हा १८७० नंतरच्या दशकात समुद्रात दगडी बांध घालून कृत्रिम बंदर उभारण्यास प्रारंभ झाला. १८८१ च्या वादळाने ते बांध उद्ध्वस्त केले. ते पुन्हा उभारण्यात आले. बंदराचे पूर्वेकडील तोंड गाळाने भरू लागले, तेव्हा सर फ्रान्सिस स्प्रिंग यांच्या कारकीर्दीत, १९११ च्या सुमारास, ते बंद करून ईशान्येकडे नवे तोंड काढण्यात आले.

या बांधांनी लाटांबरोबर वाळूलाही अडविले. या किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या काळात वाळू उत्तरेकडे वाहते, ईशान्य वाऱ्याच्या काळात काहीशी दक्षिणेकडे परतते. वर्षाचा हिशेब मांडला तर उत्तरेकडे जाणारी वाळू पुष्कळ अधिक भरते. बंदर आडवे आल्यामुळे ती दक्षिणेस साचली आणि तेथे विस्तीर्ण पुळण तयार झाली. गव्हर्नर ग्रँट डफ यांनी १८८४ साली तिच्या कडेने फिरण्याचा रस्ता काढून तिला ‘मरीना’ हे नाव दिले. उत्तरेस रोयापुरमच्या बाजूला वाळू येईनाशी झाली आणि समुद्र जमीन गिळू लागला. मरीनाची शोभा आणि रोयापुरमची झीज ही एकाच कारणाची दोन कार्ये होत. एकीकडे शहराला हवा खाण्याची जागा मिळाली, दुसरीकडे कोळ्यांच्या अंगणाखालची भूमी गेली. आणि एका जागी दगड रचून लाट थोपविली, की ती पुढच्या गावाची वाळू ओढू लागते. म्हणून झिजेचे हे संकट उत्तरेकडे सरकतच राहिले.

श्रोतेहो, येथे पहिला अडसर दिसतो. लाभ ज्याला होतो आणि हानी ज्याची होते, ती माणसे निराळी असतात. लाभ मोजला जातो, त्याचे अहवाल निघतात. हानी मात्र निसर्गाच्या खाती जमा होते. ज्यांचे घर गेले त्यांचा आवाज सभागृहापर्यंत पोहोचत नाही. १९८५ साली सुशोभनासाठी मरीनावरून कोळ्यांच्या होड्या व जाळी हटविण्यात आली. संघर्ष चिघळला, पोलिसांचा गोळीबार झाला आणि त्यात माणसे दगावली. शहराच्याही आधीपासून त्या वाळूवर कट्टुमरम ओढणारा माणूस शहराच्या लेखी अडगळ ठरला.

दुसरा अडसर अधिकारांच्या वाटणीचा. मोठी बंदरे केंद्र सरकारची, किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याची, प्रदूषणाची देखरेख एका मंडळाची, समुद्रावरील पहारा तटरक्षक दलाचा. २८ जानेवारी २०१७ रोजी एन्नोरच्या बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन तेल किनाऱ्यावर पसरले, तेव्हा आरंभी हानी किरकोळ असल्याचे सांगण्यात आले. पुढे शेकडो माणसांना बादल्यांनी तो चिकट थर उपसावा लागला. डिसेंबर २०२३ च्या पुरात पुन्हा एकदा तेल वाहून एन्नोरच्या खाडीत शिरले. जबाबदारीचे धनी अनेक असले, की दोषाचा धनी कोणीच राहत नाही.

कायदे नाहीत असे नव्हे. १९८१ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरांचा पट्टा मोकळा राखण्याविषयी किनारी राज्यांना लिहिले, आणि १९९१ साली किनारा नियमनाची अधिसूचना निघाली. परंतु कायदा नकाशावर उभा असतो, आणि नकाशा माणूस काढतो. १९९६ साली मान्य झालेल्या नकाशात एन्नोरची खाडी संरक्षित होती. २०१७ साली माहितीच्या अधिकारात जो दुसरा नकाशा उजेडात आला, त्यात ती खाडीच दिसत नव्हती. भरतीचे पाणी जेथे रोज येते, ती जागा कागदावर कोरडी झाली! तिच्या काठी औष्णिक वीजकेंद्रांची राख साचत होती, आणि झिंगे व खेकडे धरणाऱ्यांच्या हाती गाळ येत होता.

तिसरा अडसर कोळ्यांच्या स्वतःच्या घरात आहे, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. यांत्रिक नौका आल्या आणि लहान होडीवाला व मोठा नौकामालक यांत वैर आले. महाराष्ट्राने १९८१ साली व तमिळनाडूने १९८३ साली मासेमारी नियमनाचे कायदे करून किनाऱ्यालगतचा पट्टा लहान होड्यांसाठी राखला. परंतु कर्ज काढून घेतलेली नौका रिकामी परतवणे मालकाला परवडत नाही. मासा किनाऱ्याजवळ असेल तर तीही तेथेच येते. २०२५ च्या जानेवारीत चेन्नईच्या किनाऱ्यावर शेकडो मृत कासवे वाहून आली. ओढजाळ्यांत गुदमरलेले हे प्राणी त्या कर्जाचेच बळी म्हणावे लागतील.

आमच्या कोकणच्या आणि मुंबईच्या कोळीवाड्यांना यातले काहीही परके वाटणार नाही. दर्या वाचवायचा म्हणजे माशाला व वाळूला जपायचे, इतकेच आपण समजतो. मद्रासचा इतिहास सांगतो, की वाळू कोठून कोठे जाते हे पुष्कळ पूर्वीच उमगले होते. कमतरता ज्ञानाची नव्हती. निर्णयाच्या बैठकीत रोयापुरमचा माणूस नव्हता. तो तेथे बसेल, नकाशावर बोट ठेवून ‘येथे पाणी आहे’ असे म्हणेल आणि त्याचे ते म्हणणे लिहून घेतले जाईल, तेव्हाच समुद्राच्या रक्षणाला खरा प्रारंभ होईल.