चित्र आणि मजकूर एका पानावर

टिळकवाडीच्या रेल्वे फाटकाजवळील एखाद्या दुकानात महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचे पान आज संगणकावर जुळते. फोटोशॉपमध्ये छायाचित्र उजळावयाचे, नको तो भाग छाटावयाचा, मग इनडिझाइनमध्ये चौकटी आखून मजकूर त्यांत सोडावयाचा. चित्र इंचभर सरकविले की ओळी आपोआप त्यास वळसा घालतात. ज्या कामासाठी पूर्वी निदान पाच हात लागत, ते आता एकाच हाताने होते. त्या पाच हातांमागे एक विचार असावा लागे. मराठीत तो ज्यांनी मनावर घेतला, त्यांचे गाव याच लोहमार्गावर मिरजेच्या पुढे आहे.

1888 मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी. रंग ओळखण्यात दृष्टी अधू निघाली म्हणून कुंचला सुटला आणि यंत्रांची रेखाचित्रे हाती आली. पुढे गावाच्या वाढीसाठी नगरपालिकेस कारखान्याची जागा हवी झाली व त्यांस बेळगाव सोडावे लागले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जे स्वतः चित्रकार होते, त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ दिला. 1910 मध्ये त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. रंग न ओळखणाऱ्या काकांच्या या कारखान्यात पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर जाहिरातीचे काम पाहू लागले, आणि ते रीतसर चित्रकला शिकलेले होते. 1920 मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले. त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ झाले. 1930 मध्ये ‘स्त्री’ व 1934 मध्ये ‘मनोहर’ निघाले.

सचित्र मासिक मराठीस नवे नव्हते. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’चा 1909 चा दिवाळी अंक सर्वांस ठाऊकच आहे. परंतु चित्रकार स्वतः संपादक, आणि छापखाना हाताशी, हा योग दुर्मिळ होता.

त्या काळी चित्र व मजकूर पानावर प्रथमच भेटत ते छापखान्यात. छायाचित्राचा ब्लॉक करावयाचा तर बारीक जाळीच्या काचेतून त्याचे पुन्हा छायाचित्र घेत. करड्या छटांचे लहानमोठे ठिपके होत, ते जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरले जात, आणि तो पत्रा लाकडावर ठोकून खिळ्यांच्या उंचीस आणला जाई. जाळी बारीक असेल तर गुळगुळीत आर्ट पेपरच हवा. साध्या कागदावर ठिपके शाईने भरून चेहरा काळवंडतो. म्हणून पुष्कळदा चित्रे वेगळ्या पानांवर छापून अंकात मध्येच शिवीत, आणि ज्या लेखाचे चित्र तो लेख चार पाने मागे राही. ब्लॉक एकदा झाला की त्याचा आकार बदलत नसे. तेव्हा कोरा अंक दुमडून, त्यावर पेन्सिलीने चौकटी आखून, कोणते चित्र किती इंचांचे हे आधीच ठरवावे लागे. चुकीची किंमत पैशांत मोजावी लागत असल्यामुळे प्रत्येक चित्रास आपली जागा कमवावी लागे. ती कसोटी आजच्या अनेक अंकांतून नाहीशी झाली आहे, हे स्पष्टच म्हटले पाहिजे.

त्यात देवनागरीची अडचण निराळी. वर वेलांटी व रफार, खाली उकार व जोडाक्षरांचे पाय. ओळींत रोमन लिपीहून अधिक अंतर सोडावे लागते. इंग्रजी जुळाऱ्यापेक्षा मराठी जुळाऱ्यापुढे कितीतरी अधिक खण असत. चित्राभोवती अरुंद स्तंभ वळवावा तर इंग्रजी शब्द जोडरेघेने तुटतो, मराठी शब्द सहसा तोडीत नाहीत; मग ओळीत भोके पडतात. यंत्र दुसऱ्यांच्या लिपीसाठी घडलेले आणि तडजोड मात्र आपल्या पानाने करावयाची, असा हा प्रकार.

संगणकानेही आरंभी तेच केले. 1985 मध्ये पेजमेकर, 1990 मध्ये फोटोशॉप आणि 1999 मध्ये इनडिझाइन आले. तिन्हींचा जन्म रोमन लिपीच्या घरचा. तेव्हा आपल्याकडील फाँटकारांनी रोमन अक्षरांच्या जागीच मराठी अक्षरांचे तुकडे बसविले. काम झकास चालले, अंक भराभर निघाले. युनिकोड रुळण्यास मात्र पुष्कळ वर्षे लागली.

त्याचा परिणाम असा की ‘किर्लोस्कर’चा नव्वद वर्षांपूर्वीचा बांधीव खंड ग्रंथालयात उघडला तर चित्रासह वाचता येतो, आणि 1990 च्या दशकात मोठ्या हौसेने जुळविलेल्या एखाद्या वार्षिक अंकाची फाईल तो जुना फाँट नसलेल्या संगणकावर उघडली, तर छायाचित्र जागच्या जागी दिसते, आणि त्याच्याभोवती रोमन अक्षरे व विरामचिन्हे यांच्या निरर्थक ओळी वळसा घालून उभ्या असतात.