टीव्हीच्या नळीतला दिवा

दिवा आणि टीव्ही या आपण दोन निराळ्या वस्तू मानत आलो. वास्तविक जुन्या टीव्हीची जाडजूड नळी हाही एक दिवाच. 1897 साली जर्मनीत ब्राऊन यांनी बनवलेल्या या नळीत इलेक्ट्रॉन फॉस्फरच्या लेपावर आदळतात आणि लेप उजळतो. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि हळूहळू हा उजेड मुंब्रा, कल्याणच्या मोहल्ल्यांत पोचला. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या दाराशी चपलांचा ढीग!

ट्यूबलाइटमध्येही फॉस्फरच, पण त्याला चेतवतात पाऱ्याच्या वाफेतून निघणारे अतिनील किरण. ट्यूब फुटली की तो पारा आपल्याच गटारात. मग पारा वगळून थेट इलेक्ट्रॉननेच घर का उजळू नये? अमेरिकेतील व्ह्यू-वन कंपनीने 2011 च्या सुमारास असा बल्ब आणलाही. पण तोवर एलईडी स्वस्त होऊ लागली होती. जानेवारी 2015 मध्ये उजाला योजना आली आणि आपल्याकडे तो विषयच मिटला.

आम्हाला मात्र या शर्यतीपेक्षा 2005 नंतरचे भारनियमन अधिक आठवते. ठाकुर्लीत 1929 साली रेल्वेचे वीजघर उभे राहिले, असा हा परिसर. तरी ज्या फीडरवर गळती आणि थकबाकी जास्त, तिथे अंधारही जास्त. वेळेवर बिल भरणाराही दुसऱ्याच्या आकड्यापायी मेणबत्ती लावून बसे. कित्येक मुलांची दहावी त्याच उजेडात झाली.

ते टीव्ही आता भंगारात येतात. आमचे भंगारवाले भाईजान आधी नळीच्या मानेवरची तांब्याची कॉइल काढून घेतात. शिसे असलेल्या काचेला गिऱ्हाईक नाही. ती गोदामामागे पडून राहते.