सुधारगृह ते बालवाडी: मुंबईच्या गरीब वस्त्यांतील बालसेवेचा इतिहास

मुंबईतील गरीब मुलांसाठी संघटितपणे काही करण्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झाली, ती रस्त्यावर हिंडणाऱ्या मुलांच्या धास्तीतून. बंदर वाढत होते, देशावरून आणि कोकणातून माणसे येत होती. त्यांच्यामागे आलेली किंवा आईबाप गमावलेली पोरे बाजारात, गोदीवर, धर्मशाळांच्या आसपास दिसू लागली होती. पोलीस त्यांना उनाड म्हणत. १८५० च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याने किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना तुरुंगाऐवजी एखाद्या कारागिराच्या हाताखाली बांधून देण्याची सोय केली. वृत्तपत्राचे संपादक असलेले डॉ. जॉर्ज बुइस्ट यांनी अशा मुलांसाठी औद्योगिक शाळा चालवली. या कामाला पुढे बगदादहून आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीचे पाठबळ मिळाले आणि १८५७ मध्ये त्यांच्या नावाने सुधारगृह उभे राहिले. माहीमला धारावीच्या शेजारी असलेली डेव्हिड ससून औद्योगिक शाळा हा त्याच संस्थेचा आजचा अवतार.

सुतारकाम, शिवणकाम, लोहारकाम यांसारखा हुन्नर आणि कडक शिस्त, हा या संस्थेचा पाया होता. हाताला काम मिळाले की मूल सुधारते, असा तेव्हाचा विश्वास होता. मूल बिघडते ते वस्तीमुळे, म्हणून आधी त्याला वस्तीतून उचलावे, हे त्याच विश्वासाचे दुसरे टोक. मुंबईतील बालसेवेचा पुढचा सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर हे दुसरे टोकच जास्त चिवट ठरले.

त्याच काळात शहराचा दुसरा चेहरा तयार होत होता. गिरण्या वाढल्या तशा परळ, लालबाग, भायखळा, नागपाडा भागांत एकेका खोलीत दहा-दहा माणसांचे संसार दाटले. मुलेही गिरणीत जात. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम दिवसाला नऊ तासांवर आणले. १८९१ च्या दुरुस्तीने किमान वय नऊ आणि तास सात झाले. ही सुधारणा मानली गेली, यावरूनच आधीची स्थिती कळावी. १८९६ च्या प्लेगने चाळींची दुर्दशा सर्वांसमोर आली आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले. त्यात बेघर झालेली कुटुंबे शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागली.

वस्तीतच जाऊन काम करण्याचा विचार विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दिसू लागतो. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये निराश्रित साह्यकारी मंडळी, म्हणजे डिप्रेस्ड क्लासेस मिशन, स्थापन केली आणि तिची पहिली शाळा परळ भागात, गिरणी कामगारांच्या वस्तीलगत सुरू केली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबांतील मुलांना इतर शाळांचे दार बंद होते, त्यामुळे शाळेलाच त्यांच्या दाराशी जावे लागले. १९११ मध्ये ना. म. जोशी यांच्या पुढाकाराने सोशल सर्व्हिस लीग निघाली. रात्रीच्या शाळा, फिरती वाचनालये, कामगार वस्त्यांतील व्याख्याने असा तिचा व्याप होता. दिवसा काम करणाऱ्या मुलाला दिवसा शाळेत बोलावण्यात अर्थ नाही, ही साधी गोष्ट लीगच्या रात्रशाळांनी मान्य केली. गिरणगावातील रात्रशाळांची परंपरा पुढे अनेक दशके टिकली.

कायदा मात्र जुन्याच वाटेने चालला होता. मद्रास (१९२०) आणि बंगाल (१९२२) यांच्यानंतर मुंबई प्रांताने १९२४ मध्ये बालकांचा कायदा केला. गुन्हा केलेले मूल आणि निराधार मूल यांना प्रौढ गुन्हेगारांपासून वेगळे ठेवावे, त्यांच्यासाठी वेगळे न्यायालय असावे, ही त्यातली मुख्य तरतूद. ती अमलात आणण्यासाठी १९२७ मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि त्याच वर्षी मुंबईत बालन्यायालय सुरू झाले. मुलांना ठेवण्यासाठी जागा मिळाली ती उमरखाडीची, डोंगरीच्या जुन्या तुरुंगाची. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात शिक्षा होऊन टिळक आणि आगरकर यांनी एकशे एक दिवस काढले ते याच तुरुंगात. आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिले. तुरुंगातून मुलांना सोडवण्यासाठी केलेला कायदा तुरुंगाच्याच इमारतीत राबवला गेला, याची विसंगती फारशी कोणाला खटकलेली दिसत नाही. मुंबईच्या बोलीत ‘डोंगरी’ या नावाला जो धाक चिकटला, तो इथूनच. पुढे सोसायटीची निवासगृहे मानखुर्दलाही झाली.

ज्या वर्षी सोसायटी निघाली, त्याच सुमारास नागपाड्यात अगदी वेगळा प्रयोग चालू होता. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी तेथे नेबरहूड हाउस उभारले. नागपाडा ही इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची पहिली योजना. मुसलमान, हिंदू, ज्यू, ख्रिस्ती असे सर्व तऱ्हेचे लोक तेथे राहत. वाचनालय, मुलांचे वर्ग, खेळ, आरोग्याची माहिती, तरुणांची मंडळे असे सगळे एका छताखाली आणि सर्व धर्मांच्या लोकांसाठी खुले होते. मुलांना वस्तीतून बाहेर काढायचे नाही, त्यांच्या वस्तीतच त्यांना हक्काची मोकळी जागा द्यायची, हा त्यामागचा विचार. मिशनऱ्याने चालवलेले असूनही धर्मांतर हा त्याचा हेतू नव्हता, ही गोष्ट त्या काळात दखल घेण्याजोगी. नागपाड्यात बास्केटबॉल आजही गल्लीतला खेळ आहे, तो अशाच मैदानी कामातून रुजला.

या नेबरहूड हाउसमधूनच आणखी एक मोठी गोष्ट निघाली. सर दोराबजी टाटा ट्रस्टने १९३६ मध्ये समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था काढली, ती नागपाड्यात, आणि तिचे पहिले संचालक झाले मॅनशार्टच. १९४४ मध्ये तिचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले. १९५४ मध्ये ती देवनारला गेली. तोवर बालसेवा हे दानशूरांचे आणि धर्मसंस्थांचे क्षेत्र होते. आता त्यासाठी शिकलेला, पगारी कार्यकर्ता तयार होऊ लागला. १९५५ मध्ये निर्मला निकेतनचे समाजकार्य महाविद्यालय निघाल्यावर अशा कार्यकर्त्यांची दुसरी फळी उभी राहिली. पुढच्या चाळीस वर्षांतील मुंबईच्या अनेक बालसंस्थांच्या मुळाशी या दोहोंपैकी एका संस्थेचा विद्यार्थी किंवा प्राध्यापक सापडतो.

स्वातंत्र्यानंतर शहर आणखी पसरले आणि चाळींच्या पलीकडे झोपड्यांचे शहर वसले. ज्यांना खोलीही परवडत नव्हती ते खाडीकाठी, रेल्वेच्या कडेला, फुटपाथवर राहिले. २००१ च्या जनगणनेत मुंबईची निम्म्याहून अधिक लोकसंख्या झोपडपट्टीत मोजली गेली. घरून पळून आलेली मुले व्हीटी, दादर, बांद्रा या स्थानकांवर उतरत आणि तिथेच राहत. त्यांच्यासाठी येशूसंघीय धर्मगुरूंनी १९६२ मध्ये अंधेरीला स्नेहसदन सुरू केले. मोठ्या बराकीऐवजी थोड्या मुलांचे एकेक घर आणि त्यात आईबापांसारखे राहणारे दांपत्य, अशी त्याची रचना होती. संस्थेत मूल वाढते, पण मोठे होत नाही, ही तक्रार तोवर सर्वत्र ऐकू येऊ लागली होती. स्नेहसदनची रचना तिला दिलेले उत्तर होते.

लहान मुलांच्या बाबतीत खरी कलाटणी वेगळ्या दिशेने आली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुंबईबाहेर बोर्डी आणि नंतर कोसबाड येथे आदिवासी मुलांमध्ये जे काम केले, त्यात शाळा पाड्यावरच्या अंगणात भरत असे आणि साहित्य दगड, पाने, बिया यांचे असे. १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामावर राबणाऱ्या मजूर बायकांच्या बाळांसाठी मोबाइल क्रेश सुरू केले. १९७२ मध्ये हे काम मुंबईत आले. इमारत पुरी झाली की मजूर दुसऱ्या जागी जातात, म्हणून पाळणाघरही त्यांच्याबरोबर हलायचे. त्यानंतर २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांतून सुरू केली. त्यांतील चार शहरी झोपडपट्ट्यांत होते आणि धारावी त्यांपैकी एक. पूरक आहार, लसीकरण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण हे सारे एका अंगणवाडीत, वस्तीतल्याच बाईच्या हाती आले.

वस्ती मात्र कायम राहीलच याची खात्री नसे. १९७६ मध्ये चेंबूरजवळची जनता कॉलनी पाडून लोकांना चित्ता कॅम्पला हलवले गेले. अशा वेळी घराबरोबर मुलांचे वर्गही मोडतात, शाळेतून नाव कमी होते, लसीकरणाचे कार्ड हरवते. १९८५ मध्ये फुटपाथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, तरी पाडकाम थांबले नाही. वस्तीत काम करणाऱ्या बालसंस्थांना घराच्या प्रश्नापासून लांब राहता आले नाही ते यामुळे.

१९८० च्या दशकात संस्थांची संख्या एकदम वाढली. प्रेरणा या संस्थेने १९८६ पासून कामाठीपुऱ्यात काम सुरू केले आणि १९८८ मध्ये तेथील देहविक्री करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी रात्रीचे पाळणाघर काढले. आई धंद्यावर असते त्याच वेळी मुलाला सुरक्षित जागा लागते, हे त्यामागचे व्यवहारी निरीक्षण. १९८७ मध्ये वडाळ्याला शेल्टर डॉन बॉस्को उघडले. १९८८ च्या ‘सलाम बॉम्बे’ चित्रपटात रस्त्यावरच्या मुलांनी कामे केली आणि त्यातूनच सलाम बालक ट्रस्ट निघाला. त्याच वर्षी डोअरस्टेप स्कूलने दक्षिण मुंबईच्या वस्त्यांत वर्ग सुरू केले. पुढे तिची शाळा बसमध्ये बसून फुटपाथवरच्या मुलांपर्यंत जाऊ लागली.

याच दशकात जुन्या सुधारगृहांची झडती झाली. पत्रकार शीला बारसे यांनी बालगृहांतील स्थितीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. मानखुर्दच्या निरीक्षणगृहात मुलांना विनाकारण रखडवले जाते, त्यांच्याकडून काम करून घेतले जाते, असे त्यांचे म्हणणे होते. २० डिसेंबर १९८६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुलांना निरीक्षणगृहात फार काळ ठेवू नये आणि जितके दिवस ठेवले जाईल तितके दिवस त्यांना मनाजोगे काम असावे. चिल्ड्रेन्स एड सोसायटीला राज्यसंस्थेचाच भाग मानावे, म्हणजे मूलभूत हक्कांची बांधिलकी तिलाही लागू आहे, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. देणगीवर चालणारी खासगी संस्था ही ओळख ढालीसारखी वापरण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. १९८६ च्याच बालन्याय कायद्याने देशभर एक चौकट आणली. २००० आणि २०१५ च्या कायद्यांनी ती बदलली.

१९९० च्या दशकात दोन उपक्रम मुंबईत सुरू होऊन देशभर गेले. १९९४-९५ मध्ये युनिसेफच्या मदतीने ‘प्रथम’ उभी राहिली. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे हे तिच्या संस्थापकांपैकी. झोपडपट्टीत इमारत बांधायला जागा नसते आणि पैसाही नसतो. म्हणून वस्तीतल्याच शिकलेल्या मुलीने घरात, देवळाच्या ओट्यावर, मंडळाच्या खोलीत, मिळेल तेथे बालवाडी भरवायची, असा सुटसुटीत मार्ग तिने काढला. खर्च कमी, म्हणून पसरली भराभर. अशा बाईला मिळणारे मानधन तुटपुंजे असे, ही तिची कायमची कमजोर बाजू. अंगणवाडी सेविकांच्या बाबतीतही तेच घडले.

दुसरा उपक्रम १०९८ या दूरध्वनी क्रमांकाचा. जेरू बिलिमोरिया यांनी टाटा इन्स्टिट्यूटमधून जून १९९६ मध्ये चाइल्डलाइन सुरू केली. रस्त्यावरच्या मुलांनी हा आकडा ‘दस, नौ, आठ’ असा म्हणायचा ठरवले, तोच तोंडी बसला. फोन घेणाऱ्यांत रस्त्यावर वाढलेली तरुण मुलेही होती. उमरखाडीच्या काळात पोलिसाने मूल उचलून आणायचे असे. इथे मूल स्वतः हाक मारणार होते. १९९९ मध्ये चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन झाले आणि सेवा शहराशहरांत पोचली. २०२३ मध्ये केंद्र सरकारने मिशन वात्सल्य या योजनेखाली ही सेवा आपल्याकडे घेऊन ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली, आणि पूर्वी ती चालवणाऱ्या स्वयंसेवी संस्थांची जागा राज्यांच्या नियंत्रण कक्षांनी आणि जिल्हा बालसंरक्षण यंत्रणेने घेतली.