लाल पेटीतले तीन खेळ : जुन्या आर्केड यंत्रांच्या पुनरुद्धाराचा इतिहास

नाणे टाकून खेळावयाच्या व्हिडिओ गेमचे उभे यंत्र, म्हणजेच आर्केड कॅबिनेट, पाहणाऱ्याला एकसंध वस्तू वाटते. प्रत्यक्षात मात्र तिच्यात तीन उद्योग एकत्र आलेले असतात. सुताराने घडवलेली लाकडी पेटी, दूरचित्रवाणीच्या धंद्यातून आलेली पिक्चर ट्यूब आणि चिप बसवलेला सर्किट बोर्ड या तिन्हींचे आयुर्मान निरनिराळे असते, आणि ज्या धंद्यासाठी हे यंत्र बनवले गेले, त्या धंद्याला ते काही मोसमांपलीकडे चालावे अशी अपेक्षाही नव्हती. त्यामुळे असे जुने यंत्र उघडणाऱ्या कारागिरापुढे पहिला प्रश्न इतिहासाचाच उभा राहतो : हे यंत्र नेमक्या कोणत्या वर्षीच्या अवस्थेत परत न्यायचे?

या यंत्रांची परंपरा १९७१ सालच्या ‘कॉम्प्युटर स्पेस’पासून सुरू होते. नोलन बुशनेल आणि टेड डॅब्नी यांनी रचलेला हा खेळ नटिंग असोसिएट्स या कंपनीने फायबरग्लासच्या वळणदार पेटीत घालून विकला. पुढच्याच वर्षी अटारी कंपनीसाठी अॅलन अल्कॉर्न यांनी ‘पाँग’ तयार केला. त्यात मायक्रोप्रोसेसर नव्हता, खेळाचे सारे नियम सुट्या तर्कमंडलांच्या जोडणीतच बांधलेले होते आणि पडदा म्हणून साधा कृष्णधवल दूरचित्रवाणी संच वापरला होता. १९७८ साली जपानच्या ताइतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ घडवला, तेव्हाही पडदा कृष्णधवलच होता. रंगाचा भास त्यावर लावलेल्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांनी साधला जाई. म्हणजे पेटी, काच, आरसा, रंगीत पट्टी हा सारा बाह्य संभार खेळाचाच भाग होता, आणि तो हरवला तर बोर्ड चालू असूनही खेळ अपुरा राहतो.

या यंत्रांचा धंदा तीन हातांत विभागलेला होता. कारखाना यंत्र बनवी, ‘ऑपरेटर’ म्हणून ओळखला जाणारा व्यावसायिक ते विकत घेई, आणि ज्या उपाहारगृहात किंवा दुकानात ते ठेवले जाई त्याच्या मालकाशी ऑपरेटर जमा झालेली नाणी बहुधा निम्मी-निम्मी वाटून घेई. खेळाची नवलाई ओसरली की गल्ला रोडावत असे, आणि संपूर्ण नवे यंत्र घेण्यापेक्षा जुन्याच पेटीत नवा बोर्ड, नवी पाटी आणि नवे नियंत्रण-फलक बसवणे ऑपरेटरला पुष्कळच स्वस्त पडे. अशा साहित्याच्या संचाला ‘कन्व्हर्जन किट’ म्हणत. १९८३ च्या सुमारास अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळल्यावर ही पद्धत अधिकच रूढ झाली, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यावर जपानी उत्पादकांच्या ‘जामा’ या संघटनेने ५६ टोकांच्या जोडणीचा समान नमुना आणल्यावर तर बोर्ड बदलणे हे काही मिनिटांचे काम झाले.

रूपांतराच्या या व्यवहाराचे सर्वांत बोलके उदाहरण निन्टेन्डो कंपनीच्या लाल पेटीत सापडते. १९८० साली जपानमध्ये ‘रडार स्कोप’ हा नेमबाजीचा खेळ चालला, म्हणून अमेरिकेतील शाखेचे प्रमुख मिनोरू अराकावा यांनी त्याची सुमारे ३,००० यंत्रे मागवली. परंतु ती समुद्रमार्गे पोहोचेपर्यंत तेथील गिऱ्हाइकांचा उत्साह मावळला होता आणि जवळपास २,००० यंत्रे गोदामात पडून राहिली. ती वाया जाऊ नयेत म्हणून क्योतो येथील मुख्य कार्यालयाने नवा खेळ रचण्याचे काम शिगेरू मियामोतो या तरुण कलाकारावर सोपवले. गुनपेई योकोई यांनी त्यावर देखरेख केली, प्रोग्रॅमिंग इकेगामी त्सुशिंकी या कंपनीने केले, आणि अमेरिकेत शिल्लक यंत्रांचे बोर्ड व पाट्या बदलून १९८१ मध्ये ‘डाँकी काँग’ बाजारात आला. खेळ इतका गाजला की त्यासाठी पुढे निळ्या पेट्या खास बनवाव्या लागल्या. लाल पेट्या मात्र त्या पहिल्या, अडचणीतून निघालेल्या तुकडीच्या साक्षीदार ठरल्या. १९८४ पासून निन्टेन्डोने ‘व्हीएस’ या नावाची नवी प्रणाली आणली, आणि तिच्या संचांसाठी ‘डाँकी काँग’च्या कित्येक पेट्या पुन्हा एकदा उघडल्या गेल्या. अशा रीतीने एकाच लाकडी पेटीने चार-पाच वर्षांत तीन खेळ अंगावर वागवल्याची शक्यता असते.

पेटी सुटी करताना या आयुष्यांचे थर उलट्या क्रमाने हाती येतात. वरची उजळ पाटी, जिला ‘मार्की’ म्हणतात, ती सर्वांत नंतरची असते. नियंत्रण-फलकावरचे आवरण सोलले की त्याखाली जुन्या बटणांची बुजवलेली भोके दिसतात. बाजूच्या काळ्या रंगाखाली पहिल्या खेळाच्या चित्राची कड उमटलेली सापडते. पिक्चर ट्यूबवर तर पुरावा कोरलेलाच असतो, कारण एकच चित्र वर्षानुवर्षे त्याच जागी उजळत राहिले की आतील प्रकाशदायी लेप तेथे झिजतो आणि यंत्र बंद असतानाही आधीच्या खेळाची आकृती काचेवर अंधुक दिसते. पेटीचा तळ तिच्या मुक्कामाची हकिगत सांगतो : लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी असेल तर फरशी पुसतानाचे पाणी शोषून तिचे खालचे कोपरे फुगलेले असतात. जाणता कारागीर म्हणूनच काही सोडवण्यापूर्वी प्रत्येक थराची छायाचित्रे घेतो आणि प्रत्येक तारेला खूणचिठ्ठी बांधतो.

विद्युत भागाची दुरुस्ती सुरू होते ती सावधगिरीने. पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्टचा दाब पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, ज्याला आपल्याकडील टीव्ही दुरुस्त करणारे ‘ईएचटी’ म्हणून ओळखतात, त्याने दिलेला भार वीज तोडल्यावरही ट्यूबमध्ये साठून राहू शकतो, आणि तो जमिनीशी जोडून आधी उतरवावा लागतो. त्यानंतर इलेक्ट्रोलाइटिक कॅपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारे ते छोटे दंडगोल, बदलले जातात, कारण त्यांतील द्रव काळाने सुकतो आणि चित्र आक्रसते किंवा थरथरते. निन्टेन्डोच्या पेटीत आणखी एक विशेष आहे : तिच्या बोर्डातून निघणारा चित्रसंकेत इतर यंत्रांच्या उलट असतो, तिच्यातील सान्यो कंपनीचा २० इंची मॉनिटर त्यासाठीच जुळवलेला आहे आणि ध्वनिवर्धकही त्या मॉनिटरमध्येच बसवलेला आहे. परिणामी तेथे भलताच मॉनिटर लावला तर रंग उलटे दिसतात आणि आवाजही उमटत नाही. शिवाय सारी रचना जपानच्या १०० व्होल्ट विजेसाठी असल्याने अमेरिकेतील पेटीत दाब उतरवणारा स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर असतो. एक भाग बदलला की इतर भागांची भाषा तुटते, ती अशी.

बोर्डावरील स्मृतिचिप्समधील माहितीही वर्षांगणिक क्षीण होऊ शकते, आणि ती पडताळून पाहण्यास १९९७ साली निकोला साल्मोरिया यांनी सुरू केलेला ‘मेम’ हा संगणकीय प्रकल्प फार उपयोगी पडला, कारण त्याच्या निमित्ताने हजारो खेळांच्या चिप्समधील मजकूर वाचून नोंदवला गेला. त्याच प्रकल्पामुळे एक हानीही घडली : घरच्या संगणकावर सगळेच खेळ चालू लागल्याने अनेकांनी अस्सल पेट्या आतून रिकाम्या केल्या आणि त्यांत संगणक बसवले. न्यू हॅम्पशायर राज्यातील लॅकोनिया येथे ‘अमेरिकन क्लासिक आर्केड म्युझियम’सारख्या संस्थेने जुनी यंत्रे मूळ साहित्यासह खेळण्याजोगी राखली, हे कार्य त्यामुळेच मोलाचे आहे.

तरीही ‘मूळ’ या शब्दाचा अर्थ तपासावाच लागतो. लाल पेटी कारखान्यातून निघाली त्या रूपात न्यायची म्हटले तर ‘डाँकी काँग’ पुसून तेथे ‘रडार स्कोप’ आणावा लागेल, आणि ज्या रूपांतरामुळे ती पेटी इतिहासात शिरली तेच नष्ट होईल. कारखान्याच्या नकाशात खेळाचे सगळे आयुष्य मावतही नाही. १९९३ साली कॅपकॉम कंपनीने काढलेला ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ महाराष्ट्रातील व्हिडिओ गेम पार्लरांमध्ये मुलांनी त्यातील एका पात्रावरून ‘मुस्तफा’ या नावाने ओळखला. ते नाव कोणत्याही मार्कीवर छापलेले नव्हते, पण इथल्या पिढीपुरते तेच खरे होते. म्हणून पुनरुद्धाराची उत्तम रीत ती, जी यंत्राला त्याच्या एका निवडलेल्या वर्षात चालते करते, केलेला प्रत्येक बदल पुन्हा उलटवता येईल असा ठेवते, आणि काढलेली पाटी, जुना फलक व घेतलेली छायाचित्रे पेटीच्याच तळाशी जपून ठेवते, जेणेकरून ती पुढे उघडणाऱ्या हातांना उरलेले दोन खेळही सापडतील.