प्रतीचे रक्षण : वखारीपासून संगणकापर्यंत



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, ते आमचे गुरुजी इतिहासाच्या प्रत्येक पाठानंतर एकच प्रश्न विचारीत : "हे आपल्याला कळले कसे?" त्याच प्रश्नापासून मी आरंभ करतो.

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली. त्या दिवसांचा बराचसा तपशील आपल्याला मिळतो तो इंग्रज व डच वखारींच्या पत्रांतून. लंडनला जाणाऱ्या पत्राच्या अनेक प्रती करून इंग्रज त्या निरनिराळ्या जहाजांनी रवाना करीत आणि एक नक्कल वखारीत ठेवीत. जहाज बुडाले तरी मजकूर बुडत नसे. सुरतेच्या वखारीची दप्तरे आज मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतही आहेत.

ही शिस्त आपल्याच गावची. पण मी ती विसरलो. गुरुजींची टिपणे मी संगणकावर उतरविली आणि त्यांच्या प्रती तबकड्यांवर घेऊन त्याच खोलीतील कपाटात ठेवल्या. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी शहरात शिरली. संगणक आणि तबकड्या दोन्ही एकाच चिखलात गेल्या. सुदैवाने नाशिकच्या एका वर्गमित्राकडे मी एक प्रत पाठविली होती. तेवढी वाचली.

ती नव्या संगणकावर उघडली, तेव्हा दुसरा धडा मिळाला. त्यावर विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम होती. लिनक्समध्ये मराठीऐवजी रोमन चिन्हांचा गोंधळ दिसला. जुना मजकूर एका विशिष्ट फॉण्टवर अवलंबून होता. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागदांचेही असेच आहे : कागद शाबूत, वाचणारे थोडे. सर्व लिप्यांसाठी समान संकेत देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. लिनक्सही त्याच वर्षीचे. सारा मजकूर मी युनिकोडमध्ये आणला आणि ओळ न् ओळ ताडून पाहिली.

दोन्ही प्रणालींना वाचता येईल असा हार्ड डिस्कचा एक सामाईक भाग मी राखला. तेथेही सावधगिरी लागते. विंडोजमध्ये २०१२ साली आलेल्या 'फास्ट स्टार्टअप' सोयीमुळे संगणक बंद केला तरी प्रणाली पूर्णपणे मिटत नाही. अशा वेळी लिनक्समधून त्या भागात लिहिल्यास फायली बिघडू शकतात. म्हणून ती सोय मी बंदच ठेवतो. शिवाय सामाईक भाग म्हणजे राखीव प्रत नव्हे. डिस्क एकच असते. ती गेली की दोन्हीकडचे जाते.

आज गुरुजींची टिपणे तीन ठिकाणी आहेत : माझ्या संगणकावर, एका सुट्या डिस्कवर आणि नाशिकला. दर वर्षी या व्याख्यानापूर्वी मी तिन्ही प्रती उघडून वाचतो. गुरुजींच्या प्रश्नाला पुढच्या पिढीनेही उत्तर द्यावे, अशी इच्छा असेल, तर आपल्या घरचे कागद आजच दुसऱ्या गावी पोहोचवा.