उणकलच्या देवळाची चार दारं

दिवाळीनंतर चार दिवस रजा टाकून हुबळीला जाऊन आलो. धाकटी बहीण तिथे उणकलला राहते. एकेकाळी हे हुबळीबाहेरचं गाव, आता हुबळी-धारवाड रस्त्यावरचं गजबजलेलं उपनगर. पण मोठं तळं अजून आहे, आणि घरांच्या गर्दीत दडलेलं चंद्रमौळेश्वराचं चालुक्यकालीन देऊळही. या देवळाला चारही दिशांना दारं आहेत. माझा सात वर्षांचा भाचा एका दारातून आत शिरतो, दुसऱ्यातून बाहेर पडतो आणि खांबाखांबाला हात लावून कानडीत मोजतो, ‘ओंदु, एरडु, मूरु...’

भाचा स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. एरवी तो फारसं बोलत नाही. वर्षभर त्याला एका केंद्रात नेलं. तिथे सगळ्या मुलांना एकच छापील तक्ता, तेच खेळ, तेच तास. रात्री जेवणं झाल्यावर बहीण म्हणाली, ‘दादा, पलीकडच्या गल्लीतला मुलगा तिथेच जाऊन वाक्यं बोलायला लागला. आमच्याचं का होत नाही? माझंच काही चुकतं का?’

मी कारकून माणूस, डॉक्टर नव्हे. पण इतिहास वाचायची खोड आहे. तिच्या दोन्ही प्रश्नांना ऐंशी वर्षांचा इतिहास आहे. तो तिला सांगितला, तोच इथे मांडतो.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांवर निबंध लिहिला. तिथून या अवस्थेची वेगळी ओळख झाली. त्यातला पहिला मुलगा मिसिसिपीतल्या फॉरेस्ट गावचा डोनाल्ड ट्रिपलेट. आकड्यांचं त्याला विलक्षण वेड. १९४२ मध्ये आईवडिलांनी त्याला गावाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलं. १९४५ मध्ये कॅनर तिथे गेले आणि थक्क झाले. मोजमापाचं वेड आहे ना, मग त्या जोडप्याने त्याला विहीर खणायला लावली आणि तिची खोली मोजून सांगायला लावली. मेलेले पक्षी, किडे गोळा करतो म्हणून त्यांच्या स्मशानासाठी जागा दिली. मक्याच्या ओळी सारख्या मोजतो, तर नांगर हाती देऊन सांगितलं, नांगरता नांगरता मोज! पोराने घोडा आणि नांगर व्यवस्थित सांभाळला. पुढे डोनाल्ड पदवीधर झाला, बँकेत नोकरीला लागला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला. सगळं श्रेय त्या जोडप्याला देता येणार नाही. पण वेड मोडून काढण्याऐवजी त्याचंच दार करून आत शिरायचं, हे त्या साध्या शेतकऱ्यांना कळलं होतं.

दुर्दैवाने विद्वानांचं लक्ष दुसरीकडेच गेलं. आईबाप मायेचे नाहीत म्हणून मूल असं होतं, हे मत बळावलं. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये ते खोडून काढलं. तो स्वतः अशाच मुलाचा बाप होता. तरीही १९६७ मध्ये शिकागोच्या ब्रूनो बेटेलहाइम यांच्या पुस्तकाने तेच मत घरोघर पोचवलं. ‘माझंच काही चुकतं का’ असं मनाला लावून घेत किती आया झुरल्या असतील!

मग १९८७ मध्ये लॉस एंजेलिसच्या ओ. इवार लोवास यांनी एकोणीस लहान मुलांना आठवड्याला चाळीस तास शिकवण दिल्याचा अहवाल दिला. त्या काळी त्यात चापटीसुद्धा बसे. नऊ मुलं नेहमीच्या शाळेत चालू शकली. जगभर त्या नऊ जणांचा बोलबाला झाला. माझ्यातला कारकून मात्र वजाबाकी करतो. उरलेल्या दहांचं काय? जे औषध निम्म्यांना लागू पडत नाही, ते सर्वांना एकाच मापाने का द्यायचं?

वेगळी वाटही निघाली होती. नॉर्थ कॅरोलायनात एरिक शॉप्लर यांनी १९७२ मध्ये राज्यव्यापी योजना सुरू केली. प्रत्येक मुलाची स्वतंत्र तपासणी करायची. कुठे अडतं, कशात रमतं ते पाहायचं आणि त्याच्यापुरता आराखडा आखायचा. आईबाप तिथे आरोपी नव्हते, उपचारातले भागीदार होते.

आणि आता आपला गोवा. १९९६ पासून काम करणाऱ्या ‘संगाथ’ संस्थेने २०१३ च्या सुमारास मँचेस्टरच्या जोनाथन ग्रीन यांच्या पद्धतीची इथे चाचणी घेतली. गंमत म्हणजे दुसरं केंद्र पाकिस्तानातलं रावळपिंडी! दोन्हीकडची मिळून ६५ मुलं, वयं दोन ते नऊ. उपचार करणारे मोठे तज्ज्ञ नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. आई आणि मूल खेळत असताना चित्रफीत घ्यायची, मग आईसोबत बसून ती पाहायची. पोराने कधी नजर टाकली, कधी हात पुढे केला, आणि आईने ते टिपलं का? म्हणजे धडा छापील नाही, त्याच आईचा आणि त्याच मुलाचा. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त निष्कर्ष छापून आले. आईबाप मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले, मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली. मात्र दोघांनी एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ वाढला नाही, उलट घटला. हेही त्यांनी लपवलं नाही. जादू कुठेच नाही.

आपल्या कायद्याने १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात आणि पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेला नाव दिलं. ते गरजेचंच होतं. पण आम्ही फायलीवाले जाणतो, दाखल्यावर सगळ्यांसाठी रकाना एकच असतो. माणूस त्या रकान्यात मावत नाही.

बहीण ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, ‘म्हणजे माझं चुकलं नाही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा देवळात गेलो. भाचा खांब मोजू लागला. रोज ती त्याला ओढून बाहेर काढायची. आज ती त्याच्या मागून चालत मोजू लागली. ‘ओंदु... एरडु...’ आणि तिसऱ्या खांबापाशी मुद्दाम थांबली. तोही थांबला. वळून त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, क्षणभरच, आणि म्हणाला, ‘मूरु.’

त्या दिवशी घरी परतायला आम्हाला बराच उशीर झाला.