लेकराचा जबडा आणि विरघळणारी पट्टी

विडी कामगारांची संघटना बांधण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या आम्ही शस्त्रक्रियेचा इतिहास सांगावा, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु मजुराच्या लेकराचा जबडा मोडला, की हा इतिहास त्याच्या घरच्या मिळकतीशी येऊन भिडतो.

हाड जागी बसवावे आणि हलू देऊ नये, हे या विद्येचे जुने सूत्र. निखळलेला जबडा शेकून, बसवून ‘पंचांगी’ पट्टा बांधावा, असे सुश्रुताने सांगितले. अमेरिकेत गिल्मर यांनी १८८७ साली वरचे व खालचे दात तारेने एकत्र जखडण्याची रीत मांडली. पुढे १९७८ साली फ्रान्सच्या शांपी यांनी धातूच्या बारीक पट्ट्या रूढ केल्या. मोठ्यांचे काम भागले.

मुलांचे मात्र भागेना. दुधाचे दात आखूड. तार त्यांवर नीट टिकत नाही. जबड्यात कायमच्या दातांचे अंकुर असतात. स्क्रू त्यांना दुखवू शकतो. शिवाय जबडा वाढत असतो, म्हणून धातूची पट्टी पुढे बहुधा काढावी लागते. म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया.

विडीची मजुरी हजारावर मिळते. हात थांबला की पैसा थांबला. नागपुरास १९६८ साली सरकारी दंत महाविद्यालय निघाले खरे. पण भंडाऱ्याहून ते सुमारे ६० किलोमीटर. दुसरी खेप म्हणजे पुन्हा भाडे आणि पुन्हा बुडालेले दिवस.

ही दुसरी खेप टाळण्याची वाट १९६६ साली दिसली. अमेरिकेत कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेसाठी पॉलिलॅक्टिक आम्लाचा उपयोग दाखविला. दुधाचे दही होताना जे आम्ल तयार होते, त्याच्याच साखळीचा हा पदार्थ. १९७१ साली माकडांच्या मोडलेल्या जबड्यांवर त्याचे धागे वापरून पाहिले गेले. हाड जुळेपर्यंत अशी पट्टी आधार देते. मग शरीरातील पाण्याने तिची साखळी तुटत जाते व अखेरीस पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उरतो. यास वर्ष किंवा अधिकही लागते.

ती सर्वांनाच हवी असे नाही. मुलांचे हाड लवकर सांधते. हाड सरकले नसेल तर मऊ अन्न आणि देखरेख पुष्कळदा पुरते. ही पट्टी धातूहून नाजूक आहे, अंकुर सांभाळूनच बसवावी लागते आणि महागही आहे.

परंतु महाग म्हणताना हिशेब पुरा मांडावा. दुसरी शस्त्रक्रिया, दुसरा प्रवास आणि आईच्या न वळलेल्या विड्या पट्टीच्या बिलात कोठेच दिसत नाहीत. त्या मजुराच्या खात्यावर पडतात. तेवढे रकाने त्या हिशेबात घालावेत, एवढीच आमची मागणी.